वकिलाच्या भुंकण्याबाबत

सदर इसम वय वर्षे एकसष्ट, महिने चार. उंची मध्यम, बांधा खुर्चीला साजेसा. हुद्दा: लघुलेखक, दिवाणी न्यायालय, आता सेवानिवृत्त. अखंड सेवा पस्तीस वर्षे. शॉर्टहँडचा वेग मिनिटाला एकशे वीस शब्द, साक्षीदार चिडलेला असल्यास एकशे चाळीस. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन्सिलीचा घट्टा. वर्तणूक चांगली. न्यायालयाच्या कामकाजात स्वतः उच्चारलेले शब्द: निरंक. राहण्याचे ठिकाण: तिसरा मजला, सदनिका क्रमांक सात. कुटुंबातील व्यक्ती: पत्नी, एक. पाळीव प्राणी: कुत्रा, एक, जात पॉमेरेनियन, लिंग नर, रंग बिस्किटी, वजन तीन किलो दोनशे ग्रॅम, लसी पूर्ण.

कुत्रा भुंकत असे.

इमारतीत या इसमाला स्टेनोकाका म्हणत. खरं नाव टपालपेटीवर होतं, पण ती पेटी जिन्याखालच्या अंधारात होती आणि टपाल हल्ली येत नव्हतं. त्यांच्या पत्नीने तेहेतीस वर्षं बालवर्ग आणि पहिली शिकवली होती, म्हणून त्यांना सगळे बाई म्हणत. भाजीवाला म्हणे, इमारतीचे सेक्रेटरी म्हणत, आणि अडचणीच्या प्रसंगी काकाही म्हणत.

दिवसभर कोर्टात इतरांचे शब्द टिपून घरी आल्यावर काकांकडे स्वतःचे असे फार शब्द उरत नसत. बाईंचंही तोंड वर्गात बोलून बोलून दुखलेलं असे. त्यामुळे दोघांचा संसार बराचसा खुणांवर चालला आणि उत्तम चालला. दोघंही निवृत्त होऊन समोरासमोर बसली तेव्हा कुठे लक्षात आलं, की संभाषण नावाची वस्तू घरात आणायची राहूनच गेली होती. सकाळी पेपर, चहा, "चष्मा कुठे गेला," "डोक्यावर आहे," एवढ्या भांडवलावर संध्याकाळपर्यंत काढावं लागे.

अशात मुलीची बदली झाली आणि ती आपला कुत्रा "तीनच महिने हं बाबा" असं म्हणून ठेवून गेली. आता आठवा महिना चालू होता आणि हा विषय तिकडून कुणी काढत नव्हतं. इकडूनही नाही.

कारण कुत्रं आल्यापासून घरातली वाक्यं वाढली होती.

"याने तुमचा मोजा नेला."

"माझा नाही, तुझा असेल."

"मी कधी मोजे घातलेत?"

काकांनी मनात मोजणी केली. सलग तीन वाक्यं, तीही एकाच विषयावर. त्यांनी त्या दिवशी कुत्र्याकडे मोजा परत मागितला नाही.

वकील हे नाव काकांनीच ठेवलेलं. पहिल्याच दिवशी कुणी काही विचारलेलं नसताना त्याने वीस मिनिटं आपली बाजू मांडली, समोरून उत्तर आलं नाही म्हणजे म्हणणं मान्य झालं असं धरलं, आणि पाणी पिऊन पुन्हा सुरुवात केली. नाव इमारतीत चटकन रुळलं. अडचण एवढीच, की दुसऱ्या मजल्यावर एक खरे वकील राहत होते.

खालच्या मजल्यावर, बरोबर काकांच्या घराखाली, सिस्टर राहत. त्यांची इस्पितळात कायमची रात्रपाळी. सकाळी नऊला अंथरुणावर पडायचं, चारला उठायचं, साडेपाचला बाहेर. मधल्या वेळात वर वकिलाचं कामकाज चाले. सिस्टरनी चार महिने कळ काढली. कानात कापूस घातला, उशी डोक्यावर घेऊन पाहिली. मग एक दिवस एका रुग्णाला दुसऱ्याच्या औषधाचा कप देता देता त्यांचा हात थांबला. नुसता थांबला, दिला नाही, पण त्या घाबरल्या. त्या घरी आल्या आणि त्यांनी तक्रार लिहिली. भाषा सभ्य होती. शेवटी "कुत्रा गोड आहे" असंही होतं.

सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. जगात मोजता न येणारं काही असेल तर तो मोजणाऱ्याचा आळस, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी फळ्यावर नोटीस लावली. विषय: सदनिकेतील वकिलाच्या भुंकण्याबाबत. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी संध्याकाळच्या आत तीन परिच्छेदांचं उत्तर पाठवलं. सार असं की ते भुंकत नाहीत. सेक्रेटरींनी नोटीस सुधारली. विषय: सदनिका क्र. ७ मधील वकिलाच्या (कुत्रा) भुंकण्याबाबत. त्या कंसामुळे वकिलांचं समाधान झालं असं म्हणता येणार नाही, पण त्यांनी पुढे पत्र पाठवलं नाही.

नोटिशीचा मजकूर साधा होता. मुदत तीस दिवस. तिसाव्या दिवशी समिती प्रत्यक्ष पाहणीला येईल आणि तक्रारदाराचं म्हणणं विचारील. सकाळी नऊ ते दुपारी चार शांतता दिसली नाही, तर सदर प्राण्याची व्यवस्था अन्यत्र करावी.

अन्यत्र म्हणजे बाईंच्या भावाचं शेतघर. तिथे राखणीचे दोन कुत्रे होते, दोघंही वकिलाला एका घासात संपवतील अशा मापाचे.

"तो गेला तर मीही जाईन चार दिवस त्याच्यासोबत," बाई म्हणाल्या. "नवीन जागा आहे. बुजेल."

"चारच दिवस?"

"बघू."

काकांना मोजे, चष्मा आणि पेपर असलेलं रिकामं घर डोळ्यांपुढे दिसलं. ते उठले, कपाटातून लाल कडांची शॉर्टहँडची वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या पानावर तारीख घातली. त्यांना जगात एकच गोष्ट करता येत होती, ती त्यांनी सुरू केली.

एका दिवसात एक्केचाळीस नोंदी झाल्या.

वही घेऊन ते बाईंसह प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. टेबलावर वकिलाला उभं करून त्यांनी त्याचे कान, दात, घसा पाहिला. दुखणं काही नव्हतं.

"किती वेळा भुंकतो साधारण?"

"एक्केचाळीस."

"महिन्याला?"

"काल," काका म्हणाले आणि वही उघडून वाचू लागले. कोर्टात जबानी वाचून दाखवायची तोच आवाज. चढ नाही, उतार नाही. "नऊ वाजून बारा मिनिटे. लिफ्टचा आवाज. भुंकणे, आखूड, चार. नऊ एकतीस. बाल्कनीत कबुतर. भुंकणे, लांब, सात. कबुतर जात नाही. नऊ अडतीस. कबुतर जाते. भुंकणे, एक, समाधानाचे."

"समाधानाचं कसं कळलं?"

"शेपटीवरून. कंसात लिहिलंय."

डॉक्टरांनी हसू दाबलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. "या जातीचे खापरपणजोबा गाड्या ओढणारे धिप्पाड कुत्रे. माणसांनी पिढ्यानपिढ्या अंग लहान करत आणलं, पण आवाजाला तसं कुणी कळवलं नाही. लिफ्ट, बेल, कबुतर, यावर तो तुम्हाला खबर देतो. 'कुणी आलंय, बघा.' तुम्ही बघायला जात नाही, म्हणून त्याला वाटतं तुम्हाला ऐकू आलं नाही. मग मोठ्याने सांगतो. वर तुम्ही ओरडलात तर त्याला वाटतं, चला, घरचेही सामील झाले."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी कबुतराच्या नोंदीकडे.

"पण यातल्या सतरांचं कारण सापडतंय. उरलेल्या चोवीस नोंदींपुढे तुम्ही 'कारण अज्ञात' असं वाचलंत. तेव्हा तो कुठे बघत असतो?"

"आमच्याकडे."

"आणि तुम्ही काय करत असता?"

"लिहीत असतो."

डॉक्टरांनी वही आपल्याकडे वळवली. शॉर्टहँड त्यांना वाचता येणं शक्य नव्हतं, तरी त्यांनी दोन-तीन पानं उलटली. "काका, हे सगळं कुत्र्याचं झालं. यात तुम्ही दोघं कुठेच नाही."

"लघुलेखक नोंदीत नसतो," काका म्हणाले. "पद्धत आहे."

"कोर्टात असेल. घरात त्या कुत्र्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी घटना तुम्हीच आहात. उद्याचा दिवस पुन्हा लिहा. तुम्ही काय म्हणालात, काकू काय म्हणाल्या, काय केलंत, सगळं. मग आपण बोलू."

दुसऱ्या दिवशी काकांनी आयुष्यात प्रथमच स्वतःला टिपलं. ते जड गेलं. आपण दिवसाकाठी जेमतेम वीस वाक्यं बोलतो अशी त्यांची समजूत होती. दुपारी बारापर्यंतच साठ झाली, आणि त्यातली निम्मी कुत्र्याला उद्देशून होती. एका ठिकाणी ते कुत्र्याला "अरे माझ्या राजा" म्हणाल्याचं निष्पन्न झालं. लपवावं असं क्षणभर मनात आलं. पण पस्तीस वर्षांत एक अक्षर गाळलं नव्हतं, ते आता काय गाळणार.

चहाच्या वेळी त्यांनी नोंद वाचायला घेतली. कोर्टात जबानी लिहून झाली की साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि बरोबर असल्याची खात्री करून घ्यायची, हा नियम. इथे साक्षीदार बाई होत्या. बिस्किटांचा डबा त्यांच्या हाताशी होता. वकील खुर्चीखाली पडला होता.

"अकरा वाजून चार मिनिटे," काका वाचू लागले. "वकील उठतो. बाईंकडे पाहतो. भुंकणे, मध्यम, तीन. मी: बस. वकील बसतो. बाई: शहाणा गं बाई माझा तो. बिस्कीट, अर्धे."

"अर्धं नव्हतं, पाव होतं."

"दुरुस्ती घेतली. अकरा वाजून नऊ. वकील उठतो. भुंकणे, मध्यम, चार. मी: बस, बस. वकील बसतो. बाई: बघा कसा ऐकतो. बिस्कीट, पाव. अकरा वाजून सोळा. वकील उठतो. भुंकणे, मध्यम, तीन. मी: अरे बस."

काकांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. ते नुसतं वाचत होते. तरी वकील खुर्चीखालून बाहेर आला, बाईंच्या पायांशी जाऊन व्यवस्थित बसला आणि मान वर करून डब्याकडे पाहू लागला. बाईंचा हात आपोआप झाकणाकडे गेला.

"हात थांबव," काका म्हणाले.

"अहो, बसलाय तो. तुम्ही बस म्हणालात, तो बसला. द्यायला नको? किती दिवस घासून घासून शिकवलंय मी त्याला."

"मी बस म्हणालो ते पुरे अशा अर्थी. भुंकणं बस झालं."

"मग पुरे म्हणायचं."

"बस म्हणजे पुरेच."

"बस म्हणजे बस," बाई म्हणाल्या. "खाली."

दोघंही थांबली. वकील दोघांकडे आळीपाळीने पाहत होता, बसलेलाच.

काकांनी वहीत पाहिलं. शॉर्टहँडमध्ये त्या शब्दाची एकच खूण, एक तिरपी रेघ आणि शेवटाला बारीकसं वेटोळं. बसायचं असो की पुरे करायचं असो, तीच. पस्तीस वर्षांत त्याचं कधी अडलं नव्हतं. फक्त एकदा, एका पोरसवदा साक्षीदाराला न्यायाधीश वैतागून "बस" म्हणाले होते आणि तो बापडा पिंजऱ्यातच मांडी घालून बसला होता. कोर्ट हसलं. काकांनी कंसात हशा लिहिला आणि पुढे गेले. आता तो साक्षीदार आठ महिने आपल्या घरात राहतोय, हे त्यांना कळायला एवढा वेळ लागला.

कारण वकिलाच्या बाजूने पाहिलं तर प्रकरण अगदी स्वच्छ होतं. आपण भुंकायचं. मग काका बसायला सांगतात. मग आपण बसायचं. मग बाई बिस्कीट देतात. यात एकदाही खंड पडलेला नव्हता. मधला काळ शांत गेला तर त्याला साहजिकच वाटे की दुकान बंद आहे की काय, आणि तो उठून दार वाजवी.

"म्हणजे भुंकायला आपणच शिकवलं," बाई म्हणाल्या.

"दोघांनी मिळून. मी प्रश्न विचारायचा, तू बक्षीस द्यायचं."

बाई हसायला लागल्या. तेहेतीस वर्षं मुलांना अक्षरं शिकवलेली बाई आणि पस्तीस वर्षं शब्द टिपलेला गृहस्थ, एका शब्दावर आपटले होते. काकांनाही हसू आलं, आणि त्याबरोबर आठवड्यात पहिल्यांदाच छातीवरचं ओझं थोडं सरकल्यासारखं झालं. कारण सापडलं होतं. कारण सापडलेल्या गोष्टीचं काहीतरी करता येतं.

डॉक्टरांनी फोनवर कृती सांगितली. खबर द्यायला भुंकला तर उठून जायचं, काय आहे ते खरंच बघायचं, परत येऊन एकदाच, हलक्या आवाजात, ठरलेला शब्द म्हणायचा. तो गप्प झाला की तीन आकडे मोजायचे आणि मग बिस्कीट. बिस्कीट गप्प राहण्याचं, बसण्याचं नव्हे. हळूहळू तिनाचे पाच, पाचाचे दहा. आणि उगाच, बिस्किटासाठी भुंकला तर त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. बाल्कनीच्या काचेला खालून हातभर कागद चिकटवा, त्याचं अंथरूण दारापासून हलवून आतल्या खोलीत न्या, सकाळी नीट दमेपर्यंत फिरवा. "आणि शब्द नवीन निवडा. जुना बाद."

शब्दावर दोन दिवस गेले.

"गप," काका म्हणाले.

"तो शब्द मी वर्गात तेहेतीस वर्षांत काढला नाही. म्हातारपणी कुत्र्यावर काढू?"

"थांब."

"ते रस्ता ओलांडताना म्हणतो आपण. घरात म्हटलं तर रस्ता शोधेल."

"शांत."

"तुम्ही म्हणून बघा बरं."

काकांनी म्हणून पाहिलं. एखादा मठ स्थापन केल्यासारखं वाटलं. पुरे हा शब्द चहा ओतताना लागायचा. बास हा बसचा सख्खा भाऊ, म्हणून तो विचारातही घेतला नाही. शेवटी काका दाढी करता करता आरशासमोर थबकले आणि साबण लागलेल्या तोंडाने बाहेर आले.

"तहकूब."

"काय?"

"तहकूब. कोर्टात कामकाज थांबवायचं तर म्हणतात. या घरात दुसऱ्या कशालाही हा शब्द लागणार नाही."

"आणि त्या एवढ्याशा जिवाला तो झेपेल?"

"वकिलाला तहकूब झेपणार नाही तर कुणाला झेपेल?"

सुरुवात वाईट झाली. आपलं दुकान अचानक बंद पडलेलं पाहून वकील गोंधळला, मग चिडला, मग त्याने आवाज वाढवून पाहिला. बिनकारणाच्या भुंकण्याला दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहत. बाईंनी त्या महिन्याच्या सगळ्या तारखा पाठ केल्या. हातात बिस्कीट असून न देणं, हे त्यांना कुठल्याही वात्रट मुलापेक्षा कठीण गेलं. तिसऱ्या दिवशी नोंदी त्रेसष्ट झाल्या.

सेक्रेटरी वर आले. त्यांच्याकडेही वही होती.

"नोटिशीनंतर वाढलंय, काका. माझ्या मोजणीत अठ्ठावन्न आहेत."

"त्रेसष्ट," काका म्हणाले. "पाच तुम्ही दूध आणायला गेलात तेव्हाच्या."

"मग?"

"डॉक्टर म्हणतात, आधी वाढतं."

"कशाच्या आधी?"

"कमी होण्याच्या."

"आणि नाही झालं कमी?"

काकांनी वही मिटली. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. त्यांनी वकिलाच्या डोक्यावरून हात फिरवला, अठ्ठावन्न खोडून त्रेसष्ट केले आणि गेले. त्या दुपारी काका आतल्या खोलीत गेले तर वकिलाची गोधडी धुऊन, घडी करून पिशवीत भरलेली दिसली. पिशवी दाराच्या दिशेने ठेवलेली होती. बाई स्वयंपाकघरात भांडी जोराने लावत होत्या. काकांनी पिशवी पाहिली आणि परत बाहेर आले. ही नोंद त्यांनी वहीत केली नाही.

मग मात्र त्यांनी एक धाडस केलं. साडेचारला, सिस्टर उठल्याची चाहूल लागल्यावर, ते एकटे खाली गेले. बेल वाजवली. पुढे काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते दार उघडताच विसरले.

"बोला की काका," सिस्टर म्हणाल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात चहाचा कप.

"आमच्याकडून," काका म्हणाले आणि थांबले. "आमच्याकडून शब्दाचा घोटाळा झाला."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बस, आणि बस, आणि पाव बिस्कीट, आणि तहकूब. दारात उभं राहून ते सलग दहा मिनिटं बोलले. इतकं सलग ते लग्नातही बोलले नव्हते. सिस्टर आधी ऐकत होत्या, मग चौकटीला टेकून हसत होत्या.

"आमच्या वॉर्डात असंच होतं," त्या म्हणाल्या. "बेल वाजवली की आम्ही धावतो. मग एकेक जण उगाच बेल वाजवतो. त्याला काही होत नसतं, त्याला कुणीतरी आलेलं हवं असतं. आम्ही काय करतो, बेल नसतानाच एक चक्कर मारतो. निम्म्या बेला बंद होतात."

काकांनी हे तिथल्या तिथे तळहातावर टिपून घेतलं. त्या दिवसापासून वकील गप्प पडलेला असताना काका मधूनच उठून त्याच्याजवळ जात, डोकं खाजवत आणि परत येत. कामकाज नसतानाची चक्कर.

सुट्टीच्या दिवशी सिस्टर आपण होऊन वर आल्या. "बेलचा सराव लागेल ना? मी वाजवते." त्यांनी दाराबाहेर उभं राहून वीस वेळा बेल वाजवली. पहिल्या चार वेळा वकील दाराला फाडून खाईल असं वाटलं. काका दर वेळी उठून दारापर्यंत जात, भोकातून पाहत, वळून म्हणत, "तहकूब." सातव्या बेलला त्याने दोनदाच भुंकून काकांकडे पाहिलं. काकांनी मोजलं, एक, दोन, तीन. बाईंनी बिस्कीट दिलं, एक शब्द न बोलता, ओठ आवळून. अकराव्या बेलला तो एकदाच भुंकला. पंधराव्याला नुसता गुरगुरला आणि स्वतःच आतल्या अंथरुणावर जाऊन बसला, सरळ, बिस्किटाची वाट पाहत.

"अजून वाजवू?" बाहेरून सिस्टर.

"वाजवा," बाई म्हणाल्या. "आता वाजवा हवी तेवढी."

नोटिशीच्या बाविसाव्या दिवशी अकरा नोंदी. सव्विसाव्या दिवशी सहा. "कारण अज्ञात" हा रकाना रिकामा राहू लागला. गोधडी पिशवीतून बाहेर आली; कधी, ते काकांनी पाहिलं नाही, पण वकील तिच्यावर झोपलेला होता. दोघांचं बोलणं मात्र कमी झालं नाही, याचं काकांना नवल वाटलं. कुत्रा गप्प असला तरी त्याच्याविषयी बोलता येत होतं. उलट जास्तच, कारण आता ऐकू येत होतं.

तिसाव्या दिवशी साडेचारला समिती आली. समिती म्हणजे सेक्रेटरी, त्यांची वही, आणि तक्रारदार म्हणून सिस्टर. सेक्रेटरींनी बेल वाजवली. आतून दोनदा भुंकणं ऐकू आलं. मग काकांचा आवाज, मग काहीच नाही. दार उघडलं तेव्हा वकील आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा होता आणि त्याची शेपटी हलत होती.

सेक्रेटरींनी खिशातलं घड्याळ काढून पाच मिनिटं शांतता मोजली. लिफ्ट एकदा वर गेली, एकदा खाली आली. वकिलाने कान टवकारले, काकांकडे पाहिलं, पुन्हा खाली टाकले.

"माझ्याकडून ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले. "आता तक्रारदार. सिस्टर, सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत आपली काही तक्रार?"

"आहे," सिस्टर म्हणाल्या.

बाईंनी खुर्चीची पाठ धरली. काकांच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली.

"परवा मी ड्यूटीला पाऊण तास उशिरा पोहोचले. कालही वीस मिनिटं. मेट्रननी बोलावून विचारलं."

"भुंकण्यामुळे?"

"न भुंकल्यामुळे. मधे कधी डोळा लागला तरी चारच्या सुमाराला हा पुन्हा सुरू व्हायचा, त्याने मला जाग यायची. आता मी साडेपाच-सहापर्यंत झोपते; आज सेक्रेटरींनी दार वाजवलं म्हणून उठले. किती महिन्यांनी अशी झोपले, मला आठवत नाही."

सेक्रेटरींनी वही चाळली. अशा तक्रारीसाठी रकाना नव्हता. त्यांनी बराच विचार केला आणि तिला "समाधान" या सदराखाली घातलं.

बाई खुर्चीवर बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांनी पदराने डोळे पुसले. काकांच्या जिवात जीव आला.

"चहा टाकते," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना."

"आधी ठराव," सेक्रेटरी म्हणाले. "काका, घ्या लिहून."

काकांनी घेतलं. "उपरोक्त विषयास अनुसरून, सदनिका क्रमांक सात येथील वकील, कंसात कुत्रा, याच्या वर्तनाची प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली. सदर प्राण्याने विहित मुदतीत आपले भुंकणे समाधानकारक मर्यादेत आणल्याचे समितीच्या निदर्शनास आले असून, त्याचे वास्तव्य यापुढे कायम ठेवण्यास समितीची हरकत नाही. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेतील शांतता अबाधित राहील याची दक्षता संबंधितांनी घ्यावी."

सिस्टरनी दुसऱ्या दिवशी गजराचं घड्याळ आणलं. ते चारला वाजतं, आणि वकील त्याला वरून दोनदा भुंकतो.